सत्तावीस टक्क्यांचं कोडं

या वेळचं पत्र न्यूयॉर्क राज्यातून आलं आहे. खाली सहीच्या जागी 'काळ्या काचांमागची' असं लिहिलंय, आणि त्यावरूनच बाईंचा स्वभाव कळला. पत्र मोठं आहे, म्हणून कामापुरतं देते.

"मी ४३ वर्षांची. चार वर्षांपूर्वी ल्युपसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराचं, निदान झालं. गोळ्या चालू आहेत, तब्येत बरीच ताब्यात आहे, पण ऊन सोसत नाही. रोज जाऊन-येऊन दीड तास गाडी चालवावी लागते. गेल्या उन्हाळ्यापासून डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत चट्टे यायला लागले, आणि डाव्या गालावरही. उजवी बाजू मात्र स्वच्छ! मिस्टरांनी परस्पर एका दुकानात नेऊन चारही दारांच्या काचांना फिल्म लावून आणली. दुकानदार म्हणाला, 'मेडिकल आहे ना? मग डॉक्टरची चिठ्ठी गाडीत ठेवा, कोणी काही बोलणार नाही.' तीन आठवड्यांत पोलिसाने थांबवलं. चिठ्ठी दाखवली, त्याने वाचलीसुद्धा नाही. काचेला यंत्र लावलं आणि तिकीट दिलं. त्यावर २७ टक्के लिहिलंय. फिल्म ३५ टक्क्यांची आहे, बिलावर तसं आहे! मिस्टर म्हणतात पोलिसाचं यंत्रच चुकीचं. त्यांचा एक मित्र डॉक्टर आहे, तो 'हवं तसं' पत्र द्यायला तयार आहे. मला भीती अशी की डीएमव्हीला, म्हणजे गाड्या आणि लायसन्सच्या सरकारी खात्याला, आजार कळवला तर लायसन्सवर गदा येईल. सासूबाई इथे आल्या आहेत, त्या म्हणतात, 'असल्या गाडीतून पुढारी फिरतात, नाहीतर गुंड.' काय करू?"

ताई, सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला गाड्यांच्या काचांवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली. त्या वेळी चौकाचौकांत पोलीस काचांवरची फिल्म सोलून काढत होते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांच्या मनात काळी काच म्हणजे काहीतरी लपवण्याची गोष्ट हे पक्कं बसलंय. तुमच्या राज्यात तसं नाही. तिथे फिल्मला बंदी नाही, फिल्म लावल्यावर काचेतून किती उजेड आत यायला हवा याला मर्यादा आहे, आणि आजारी माणसासाठी त्या मर्यादेतून सुटायचा कायदेशीर रस्ता आहे. तो रस्ता सोडून तुम्ही, म्हणजे तुमचे मिस्टर, दुकानदाराच्या गल्लीतून गेलात एवढंच.

आता ते २७ टक्के. यंत्र बरोबर आहे. दुकानदाराचं ३५ही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

फिल्मच्या खोक्यावरचा आकडा नुसत्या फिल्मचा असतो: तिच्यावर शंभर भाग उजेड पडला तर ३५ भाग पलीकडे जातो. पण फिल्म हवेत लटकत नाही, ती काचेवर बसते, आणि कारखान्यातून आलेली काचही थोडा उजेड खातेच. दाराच्या साध्या काचेतून साधारण ७५ ते ८० टक्के उजेड येतो. तुमच्या काचेचा आकडा ७६ धरा. ७६ चे ३५ टक्के काढा. साडेसव्वीसच्या थोडं वर, २६.६ येतात. यंत्राने दाखवले २७. पोलिसाचं यंत्र काचेच्या दोन्ही बाजूंना चिमट्यासारखं बसतं आणि आरपार येणारा उजेड मोजतं. त्याला फिल्म आणि काच वेगळी दिसत नाही. कायद्यालाही दिसत नाही. न्यूयॉर्कची मर्यादा ७० टक्क्यांची आहे, आणि ती काच अधिक फिल्म मिळून आहे. पुढची मोठी काच, पुढच्या दोन्ही दारांच्या काचा, आणि सेडानसारखी गाडी असेल तर मागच्या दारांच्याही. एसयूव्हीच्या मागच्या दारांना ही अट नाही, म्हणून तर कितीतरी गाड्यांच्या मागच्या काचा कारखान्यातूनच काळ्या येतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, ती मी सांगते, कारण पुढे तुम्हाला तिची गरज पडणार आहे. समजा तुम्ही जवळजवळ पारदर्शक अशी ९० टक्क्यांची फिल्म लावली. ७६ चे ९० टक्के म्हणजे ६८.४. नापास! डोळ्यांना फरकसुद्धा कळणार नाही अशी फिल्म, आणि तरी काच मर्यादेच्या खाली. हे ध्यानात ठेवा, परत येतेच याच्याकडे.

आधी तुमच्या हाताकडे येऊ. डावा हात, डावा गाल, उजवीकडे काही नाही. पत्रातली ही ओळ वाचली तेव्हाच मला वाटलं की डॉक्टरांचं निम्मं काम तुम्ही करून ठेवलंय. अमेरिकेत चालकाची खिडकी डावीकडे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, आणि डावी बाजू जाड, सुरकुतलेली, दहा-वीस वर्षं पुढे गेल्यासारखी. एकाच माणसाच्या चेहऱ्याचे ते दोन अर्धे बघून मी माझ्या गाडीची खिडकी पहिल्यांदा नीट पाहिली.

काचेचं असं आहे. ऊन लागून कातडी लाल होते ती मुख्यतः यूव्हीबी या अतिनील (यूव्ही) किरणांनी, आणि ते साध्या काचेतून फारसे येत नाहीत. म्हणून गाडीत बसून कातडी भाजत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण मात्र काचेतून येतात. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, त्या थरामुळे ती बहुतेक सगळे यूव्हीए अडवते. दाराची काच सहसा एकेरी असते. २०१६ साली 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी'मध्ये १५ कंपन्यांच्या २९ गाड्यांची मोजणी छापली गेली: समोरच्या काचा सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होत्या, चालकाच्या बाजूच्या काचा सरासरी ७१ टक्के, आणि त्यात एका गाडीपासून दुसरीपर्यंत ४४ ते ९६ इतका फरक. म्हणजे शेजारणीच्या गाडीत बसून काही होत नाही आणि स्वतःच्या गाडीत चट्टे येतात, हे मनाचे खेळ नसून काचेचे असू शकतात.

मिस्टरांना हे वाचून दाखवा. तुम्हाला त्रास देणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि त्यांनी लावून आणलेली फिल्म दिसणारा उजेड कापते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी नवरा-बायकोइतकासुद्धा संबंध असेलच असं नाही. चांगली पारदर्शक फिल्म ९९ टक्के अतिनील अडवू शकते, आणि स्वस्त काळी फिल्म नुसतीच काळी असू शकते. काळेपणा बघून संरक्षण मोजणं म्हणजे तिखटाचा रंग बघून मसाला ओळखणं.

ल्युपसमध्ये बहुतेक वेळा खरा शत्रू अतिनीलच असतो, पण प्रत्येकीचं सारखं नसतं, आणि तुमचं काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. दिसणाऱ्या उजेडानेच त्रास होणारे आजार वेगळे. पोर्फिरियाच्या काही प्रकारांत चारशे-चारशेदहा नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्यांना जांभळा-निळा दिसणारा उजेडच कातडीत आग पेटवतो. तिथे पारदर्शक अतिनील फिल्म बिचारी काय करणार? अर्धशिशी किंवा डोळ्यांच्या आजारामुळे उजेड सोसत नाही, त्यांचंही तसंच. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न 'मला किती काळी काच चालेल?' हा न विचारता 'मला कुठल्या उजेडाचा त्रास होतो, नुसता अतिनील की दिसणारासुद्धा?' हा विचारा. उत्तर नुसतं अतिनील असं आलं, तर तुमची अख्खी लढाई सोपी होते.

कशी ते सांगते. मग तुम्हाला हवी ती जास्तीत जास्त पारदर्शक, ९९ टक्के यूव्ही अडवणारी फिल्म. ती तुमच्या काचेवर बसवून आकडा ७० किंवा वर आला, तर परवानगीची गरजच नाही. आणि मघाचं ६८.४ आठवा: तेवढ्या दोन टक्क्यांसाठी नापास होत असेल, तर सवलत मागायची ती ६० टक्क्यांची, ३५ ची नाही. अर्ज वाचणाऱ्यालाही पटेल, पोलिसालाही पटेल, आणि रात्री तुम्हाला दिसेलसुद्धा. फिल्म घेताना एक बारकाई बघा. '९९ टक्के यूव्ही' असं छापणाऱ्या काही कंपन्या ३८० नॅनोमीटरपर्यंतच मोजतात. यूव्हीएची हद्द ४०० पर्यंत जाते. तुमच्यासारखीला तो वीसचा तुकडा महाग पडू शकतो. दुकानदाराला फिल्मचा छापील तक्ता मागा आणि मोजणी कुठपर्यंत केली आहे ते स्वतः वाचा. तो म्हणेल, 'मॅडम, सगळ्या सारख्याच असतात.' नसतात.

रात्रीचं मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण ते आमच्या घरी घडलंय. माझ्या नवऱ्याला अर्धशिशी आहे. काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या राज्यात होतो तेव्हा, त्याने रीतसर सवलत घेतली. डॉक्टरांनी विचारलं, किती टक्के हवी? हा म्हणाला, कायद्यात बसेल तितकी काळी. मिळाली. उन्हाळा मजेत गेला. नोव्हेंबरमध्ये एका पावसाळी रात्री गाडी फुटपाथला लावायची होती. बाहेरचा आरसा दाराच्या काचेतूनच बघावा लागतो हे तोवर आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. काळ्या काचेतून, पावसाच्या थेंबांतून, आरशात दिसणारा काळा रस्ता. त्याने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, तोंडावर पाऊस घेतला आणि तरी चाक कडेला घासून घेतलंच. आवाज अजून आठवतो. त्या जागी दगडी कठडा होता म्हणून चाकावर निभावलं. सायकलवाला असता तर? पुढच्या आठवड्यात फिल्म सोलली आणि बरीच फिकी लावली. सवलत म्हणजे कमी उजेडात गाडी चालवायची परवानगी. कमी उजेडात दिसण्याची सोय तिच्यासोबत येत नाही.

आणखी एक. अर्धशिशीवाल्यांना डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की सतत अंधारात राहिलं, घरातही गॉगल लावला, तर डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा उजेडही जास्तच टोचतो. तुमचा प्रश्न कातडीचा आहे, तरी हे पत्र वाचणाऱ्यांत डोळेवालेही असतीलच, म्हणून लिहिलं.

बरं, अर्जाचं.

पहिली गोष्ट, ती फिल्म आत्ता काढून टाका. पैसे गेले, जाऊ देत. सवलत मिळेल ती मिळाल्या दिवसापासून, मागच्या तारखेपासून नाही. तोवर रोजच्या दीड तासात तुम्ही दुसऱ्या तिकिटाला आमंत्रण देत असता. आणि वार्षिक तपासणीतही अडकाल, कारण १ जानेवारी २०१७ पासून न्यूयॉर्कमध्ये तपासणी करणाऱ्याने काचांचा उजेडही मोजायचा असतो. काढताना स्वतः ब्लेडने खरवडू नका. काच गरम करून, वाफ देऊन दुकानातून काढून घ्या. मधल्या काळात पूर्ण बाह्यांचा, ऊन अडवणारा कपडा. यूपीएफ ५० (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) लिहिलेल्या नुसत्या बाह्यासुद्धा मिळतात, त्या डाव्या हातात चढवा. हातमोजा घाला. गालाला, मानेला, कानाच्या पाळीला सनस्क्रीन, आणि संध्याकाळी परत निघताना पुन्हा, कारण सकाळचं तोवर उरत नाही. सनरूफ असेल तर त्याचा पडदा ओढलेला. चालकाच्या खिडकीला जाळी किंवा चिकटवायचे पडदे लावू नका. मागच्या सीटवरच्या बाळासाठी ते ठीक, तुमच्या नजरेसमोर नकोत.

दुसरी गोष्ट, डॉक्टर. मिस्टरांच्या मित्राचं नाव या कामातून पूर्ण पुसा. रागावू नका, पण 'हवं तसं पत्र' हा शब्दप्रयोग वाचून मला घाम फुटला. ज्या डॉक्टरने तुम्हाला तपासलं नाही, ज्याच्याकडे तुमची फाइल नाही, त्याने सरकारी अर्जावर सही केली तर उद्या त्याचा परवाना धोक्यात. आणि कशासाठी? न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने या सवलतीसाठी आजारांची यादीच केली आहे, आणि तिच्यात ल्युपस नावानिशी आहे. अल्बिनिझम म्हणजे कोड नव्हे, जन्मतः रंगद्रव्य नसणं, तेही आहे. पोर्फिरिया, डर्मॅटोमायोसायटिस, झिरोडर्मा पिग्मेंटोसम आहेत. दीर्घकाळ चालणाऱ्या औषधामुळे आलेली तीव्र प्रकाशसंवेदनशीलता आहे, डोळ्यांच्या किंवा मेंदूच्या आजारामुळे उजेड न सोसणं आहे. खऱ्या कागदावर जे सरळ मिळतंय ते खोट्या कागदावर मागायला जाऊ नका.

तुमच्या संधिवाताच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना हाताचे फोटो न्या, तारखेसकट. मोबाइलमध्ये असतातच, फक्त दोन्ही हात एका चौकटीत येतील असे निवडा. दोन हातांमधला फरक शंभर शब्दांचं काम करतो. रोज किती वाजता निघता, ऊन कुठल्या बाजूने येतं, चालू औषधं कोणती, हे एका कागदावर. औषधांची यादी पूर्ण द्या, ल्युपससोडून इतरही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं यांनीही ऊन बाधतं, आणि कधी कधी चट्ट्यांचं मूळ तिथे निघतं. तसं निघालं तर फिल्मपेक्षा गोळी बदलणं सोपं.

अर्जाचं नाव एमव्ही-८०डब्ल्यू. डीएमव्हीच्या संकेतस्थळावर मिळतो. डॉक्टरांनी भरायच्या भागात नुसतं 'ऊन बाधतं' चालत नाही. कायद्याला कारण हवं, रुग्णाचं नाव हवं, आणि नेमका किती टक्के उजेड चालेल तो आकडा हवा. इथेच बहुतेक डॉक्टर अडखळतात. ते त्वचेत निष्णात असतात, काचेत नाही. त्यांना टक्क्याचा हिशेब तुम्ही समजावून द्या: हा आकडा काच आणि फिल्म मिळून आहे. त्यांनी फिल्मचा आकडा समजून ५० लिहिलं आणि दुकानदाराने ५० ची फिल्म लावली, तर यंत्रावर ३८ येतील, आणि सवलत हातात असून तुम्ही पुन्हा नियम मोडलेल्या. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी दुकानात जाऊन मोकळ्या काचेचा आकडा मोजून घ्या. दोन मिनिटांचं काम. सगळ्या दारांना हवी की फक्त पुढच्या दोनना, हेही त्याच भेटीत ठरवा. समोरची काच सोडून द्या, ती आपलं काम करतेच आहे.

मिस्टर तुम्हाला नेहमी त्यांच्या गाडीतून नेत असतील तर तीही गाडी बसते. कायदा रुग्णाच्या स्वतःच्या गाडीपुरता नाही, जिच्यात रुग्ण नेहमीचा प्रवासी आहे तिच्यासाठीही आहे. सवलत मंजूर झाली की तिची नोंद गाडीच्या रजिस्ट्रेशनवर होते, आणि सांगतील त्या ठिकाणी गाडीवर तशी खूण लावावी लागते. फिल्म लावायची ती मंजुरी हातात आल्यावर, अर्ज टपालात टाकल्यावर नाही! गाडी विकलीत तर फिल्म काढून विका, नाहीतर तुमची सवलत घेणाऱ्याचं तिकीट होईल. गाडी लीजवर असेल तर करार वाचा. आणि परगावी भाड्याची गाडी घ्याल तेव्हा ही सवलत घरीच राहते, डाव्या बाह्या मात्र बॅगेत हव्यात.

लायसन्सच्या भीतीबद्दल. हा अर्ज काचेसाठी आहे. उन्हाने पुरळ येणं आणि गाडी चालवता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लायसन्स देणाऱ्याला काळजी असते ती शुद्ध हरपण्याची, नजरेची. तुम्हाला झटके येत असतील, नजर कमी झाली असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, पण तो या अर्जाचा विषय नाही. ल्युपसवर देतात ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत असाल तर डोळ्यांच्या पडद्याची नियमित तपासणी चालू असेलच; रात्री पूर्वीपेक्षा कमी दिसतंय असं वाटलं तर फिल्मचा आकडा ठरवण्याआधी ती तपासणी करून घ्या.

दुसऱ्या राज्यांत जाल तेव्हा जपून. अमेरिकेत हा विषय राज्याराज्यांत इतका बदलतो की नदी ओलांडली की नियम बदलला. फ्लोरिडात पुढच्या दारांना २८ टक्के चालतात, टेक्सासमध्ये २५, व्हर्जिनियात ५०, मॅसॅच्युसेट्समध्ये ३५. न्यू जर्सीत पुढच्या दारांना फिल्मच चालत नाही, तिथल्यांना सवलत हवी तर वेगळा अर्ज. कुठे नुसती डॉक्टरांची चिठ्ठी गाडीत ठेवून भागतं, आणि तुमचा दुकानदार बहुधा तसल्याच एखाद्या राज्यातलं ऐकून बोलला. तुमची सवलत न्यूयॉर्कची आहे. शेजारच्या पोलिसाने ती मानली तर त्याचा चांगुलपणा, हक्क समजू नका. इथेही फिकी फिल्म कामाला येते: ६०-६५ टक्क्यांच्या काचेकडे कोणी वळून बघत नाही.

पोलिसाने पुन्हा थांबवलंच तर गाडी कडेला घेऊन चारही काचा खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. काळ्या काचेमागे कोण बसलंय ते दिसत नाही, ही त्याची खरी भीती असते. ती आधी घालवा, कागद नंतर. रजिस्ट्रेशन आणि मंजुरीचं पत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात एका पाकिटात. तिथे हात घालण्याआधी 'कागद काढते' असं सांगा. आजाराचे रिपोर्ट गाडीत ठेवायची गरज नाही, आणि ल्युपस म्हणजे काय याचं व्याख्यान रस्त्याच्या कडेला द्यायचीही नाही.

जुन्या तिकिटाचं काय ते कोर्टात जे होईल ते होईल. फिल्म काढल्याची पावती आणि सवलतीच्या अर्जाची प्रत सोबत न्या. यंत्र चुकीचं होतं हा मुद्दा मात्र मिस्टरांना तिथे मांडू देऊ नका, ७६ गुणिले ३५ कोणीही करून दाखवेल.

नवी फिल्म बसली की तीन-चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत. आत पाण्याचे बुडबुडे दिसतील, धुकट वाटेल, बोटाने दाबायचा मोह होईल. दाबू नका, आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप सुकतं. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, त्यांना बुडबुडे दिसले की त्या फडकं घेऊन येतील. आणि अल्बनीहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या डीएमव्हीकडून, उत्तर आलं की किती टक्के मिळाले ते मला कळवा.